आगारीच्या आधीची वाटी

मांडा लाटत नाहीत, झेलतात. आमच्या शाळेत पुण्याकडून बदलून आलेल्या एका बाईंना मी हे दहादा समजावलं, तरी त्या आपल्या 'खानदेशी पुरणपोळी'च म्हणत राहिल्या. अहो, पुरणपोळी पोळपाटावर निवांत होते. मांड्याला खांद्यात बळ लागतं. वस्त्रगाळ पिठाची सैल कणीक, आत पुरणाचा गोळा, तो आधी पंजांवर थापायचा, मग या हातावरून त्या हातावर फेकत मनगटापासून कोपरापर्यंत फिरवायचा, वाढवायचा, आणि रुमालासारखा पातळ झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. मधे एक क्षण असा येतो की दोन्ही हात खांद्याच्या वर असतात आणि मांडा त्यांच्यावर लोंबत असतो. तो क्षण जिला साधला, ती खापराची धनीण. बाकीच्यांनी कणीक तिंबायची.

नंदुरबारच्या आमच्या गल्लीत खापराची धनीण मी होते, आणि हे मी गर्वानंच सांगते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणते, तीन आखाज्या मला नुसतं पुरण वाटायला लावलं होतं. चौथ्या वर्षी म्हणाल्या, "कर पाहू." मी केला. त्यांनी मांडा उजेडात धरला, आरपार पाहिलं आणि म्हणाल्या, "बरा शे." आत्याबाईंच्या तोंडून 'बरा शे', बरा आहे, म्हणजे बाकीच्यांकडची शाल-श्रीफळं. त्या दिवसापासून आमच्या अंगणात विटांची उंच चूल माझ्या मापानं रचली जाते, कारण मी मांडे उभ्यानं करते.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाहेरच्यांना त्या दिवशी सोनं आठवतं, आम्हाला माहेर आठवतं. लेकी घरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांना जेवू घालतात. निखाऱ्यांवर तूप सोडायचं, मांड्याचा आणि आंब्याच्या रसाचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आगारी होईपर्यंत घरात आंबा कुणीही चाखायचा नाही. त्या दिवशीच नव्हे, त्या अख्ख्या मोसमात नाही. नवापूरकडून गुजरातचा आंबा महिनाभर आधीच बाजारात येऊन घमघमतो, पण आम्ही नाक मुरडून पुढे जातो. पहिला घास पित्रांचा. आणि खापरावर जी उभी असते तिनं तर त्या सकाळी पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही.

आमच्या घरात आगारी सासऱ्यांच्या नावाची असते. माणूस मोठा हौशी होता. त्यांना साखरेचा आजार होता आणि चालायचा कंटाळा होता. पायाला साधं खरचटलं, ते चिघळलं, काळं पडलं, आणि मग व्हायचं ते सगळं झालं. शेवटच्या आखाजीला ते खाटेवरून आत्याबाईंना म्हणत होते, "एक वाटी रस दे वं, एकच." डॉक्टरांनी 'नाही' सांगितलं होतं. आत्याबाईंनी दिली नाही. पावसाळा लागायच्या आत ते गेले. तेव्हापासून आत्याबाईंनी रसाला तोंड लावलेलं नाही. आगारी झाली की त्या आमटीशी मांडा खातात आणि उठतात. त्यांना का म्हणून विचारायची आमच्यात कुणाची छाती नाही.

पुढे साखर माझ्याकडेही आली. मी तिला फारशी किंमत दिली नाही. गोळ्या आठवतील तेव्हा, चालणं सुट्टीत, आणि स्टाफरूममधला पेढा 'एकानं काय होतंय' म्हणत. मग एका दिवाळीनंतर उजवा खांदा दुखायला लागला. आधी वाटलं, वह्यांचा गठ्ठा उचलला असेल. मग अंबाडा बांधता येईना. मग फळ्यावर वर हात जाईना, तेव्हा सुविचार मी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहायला लागले. पोरी खुसुखुसु हसल्या, "बाई, सुविचार बुटका झाला." मीही हसले. घरी येऊन मात्र ब्लाउजचा हात काढताना डोळ्यांत पाणी यायचं.

आणि मग ती आखाजी आली. अंगण भरलेलं, चूल पेटलेली. पहिला मांडा घेतला, फिरवला, हात वर नेले, आणि उजवा खांदा अर्ध्यावर अडकला. कडी घातल्यासारखा. मांडा एका बाजूला घसरला, अर्धा खापरावर, अर्धा चुलीत. पुरण जळाल्याचा वास उठला. माझी धाकटी जाऊ कणकेच्या परातीशी बसली होती, तिचा हात तसाच थांबला. खाटेवरून आत्याबाई म्हणाल्या,

"आते तू बठ."

आता तू बस. तीनच शब्द. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. म्हाताऱ्या बैलाला सावलीत बांधतात तसं मला बाजूला केलं. जाऊ उठली आणि खापरावर गेली. तिचे मांडे चांगले झाले. मला बरं वाटायला हवं होतं. काही बरंबिरं वाटलं नाही, माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी मागच्या दारी पाण्याच्या टाकीशी जाऊन पोटभर रडून घेतलं.

माझी लेक मागोमाग आली. तिचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. ती म्हणाली, "मम्मी, पुढच्या आखाजीला मी सासरहून येणार. माझी पहिली आखाजी. सासरचे रस-मांडे खायला येतील. मांडे तुझ्याच हातचे पाहिजेत."

"काकूच्या हातचे गोड लागतात की," मी टोमणा मारला.

"तुझ्याच हातचे," ती म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी मला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या. तीन महिन्यांची साखर दाखवणारा जो रिपोर्ट असतो, तो पाहून त्यांनी चष्मा काढला. मला ओरडतील म्हणून मी तयारीत बसले होते, उलट उत्तरं जिभेवरच होती. पण ते ओरडलेच नाहीत. त्यांनी मला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. ती धडगावकडची, चणीनं एवढीशी, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिच्या घरी पावरी, माझ्या घरी अहिराणी, आणि दोघी एकमेकींशी शाळेच्या मराठीत बोलत होतो. त्यामुळे आमचं भांडणसुद्धा शुद्ध होतं.

"खांदा मी सोडवीन," ती म्हणाली. "पण साखर अशीच राहिली तर तो परत जखडेल. कदाचित दुसराही."

"म्हणजे मला दोन दुखणी?"

"नाही बाई. दुखणं एकच. खांदा हे त्याचं शेपूट आहे."

"चालायला मला वेळ कुठे असतो? शाळा, घर, म्हाताऱ्या सासूबाई..."

"रागवायला मिळतो ना वेळ?" ती म्हणाली. "त्यातलाच घ्या."

माझ्या नाकावरच्या रागाला इतक्या शांतपणे कुणी हात घातला नव्हता. मी तिला खरं ते सांगितलं. आखाजीचं, मांड्याचं, लेकीचं. 'बठ' म्हटलेलंही सांगितलं. तिनं मला मांडा कसा करतात ते करून दाखवायला लावलं, रिकाम्या हातांनी, तिथेच. उजवा हात कुठे अडतो ते पाहिलं आणि म्हणाली, "वर्ष आहे आपल्याकडे. पुरेल. पण एक दिवस गाळायचा नाही."

तिनं दिलेला पहिला व्यायाम पाहून मला हसूच आलं. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर चढायचं, एक बोट मग दुसरं, जिथवर हात जाईल तिथवर. बस. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे मी पोरींना किती वर्षं शिकवलं, पण ती मुंगी आपल्याच बोटांची असते हे मला त्या वर्षी कळलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी खडूनं खूण करायचे. पहिली खूण माझ्या हनुवटीशी होती. दुसरा व्यायाम दोरीचा. पोर्चच्या स्लॅबला झोक्याची कडी आहे, तिच्यातून दोरी ओवायची आणि डाव्या हातानं उजव्याला वर ओढायचं. दुखायचं, तेव्हा मी मोठ्यानं शिव्या द्यायचे. खांद्याला, साखरेला, कधी कधी त्या मॅडमलाही. आत्याबाई आतून विचारायच्या, "कोनसंगे भांडी ऱ्हायनी वं?"

"मन्हा खांदासंगे!"

"मंग भांड."

चालणं हे सगळ्यात जड गेलं. सकाळी शाळेच्या आधी, आणि जेवण झालं की लोळायचं नाही, थोडं फिरून यायचं. आमच्या वस्तीच्या पुढे मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या लागतात. हिवाळ्यात तिथे जमीन लालभडक होते आणि वारा फिरला की ठसका बसतो. साडीवर बूट घालून, पदर नाकाला लावून, खोकत खोकत मी झपाझप निघाले की बायका विचारायच्या, "बाई, कोठे आग लागनी का?"

"मन्हा अंगले लागनी. ती इझवाले जाई ऱ्हायनी!"

ताटातही कापाकापी झाली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आमच्या घरी होतीच, ती मोजून खायला लागले. चहा बिनसाखरेचा. पहिले आठ दिवस तो प्यायले की वाटायचं, कुणावर तरी सूड घ्यावा. स्टाफरूममध्ये पेढे आले की मी हात जोडायचे. "एकानं काय होतंय, बाई?" कुणीतरी म्हणायचंच. एकदा माझी सटकली. "एकानं काय होतं ते आमच्या सासऱ्यांना विचारलं असतं," मी म्हटलं, "पण ते आता सांगायला नाहीत." त्यानंतर माझ्यापुढे पेढ्याचा डबा कुणी धरला नाही. थोडं जास्तच बोलले, पण उपयोग झाला.

खडूची खूण वर सरकत होती. गणपतीला ती विजेच्या बटणांपर्यंत गेली, मग कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत. आणि दिवाळीच्या आदल्या सकाळी, न्हाऊन आल्यावर, काही विचार न करता मी दोन्ही हात मागे नेले आणि अंबाडा बांधला. बांधून झाल्यावर लक्षात आलं. मी आरशासमोर तशीच उभी राहिले. मग लहान पोरीसारखी ओरडतच बाहेर आले, "आत्याबाई, देखा! अंबाडा!" त्यांनी मला वळवून पाहिलं, एक सुटलेली बट खोचली आणि म्हणाल्या, "बरा शे." त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की जावेलासुद्धा फोन करून गोड बोलले. तिनं घाबरून विचारलं, "आक्का, तब्येत बरी शे ना?"

लेकीचं लग्न माघात झालं. त्या गडबडीतही माझी गोळी चुकली नाही, चालणं चुकलं नाही. लग्नानंतर तपासणी केली. डॉक्टरांनी रिपोर्ट एकदा पाहिला, पुन्हा नाव वाचलं, आणि म्हणाले, "हा तुमचाच ना?" तीन महिन्यांची साखर सातच्या खाली आली होती. मी तो कागद घेऊन तडक मॅडमकडे गेले. तिनं भर व्हरांड्यात मला हात वर करायला लावले. मी दोन्ही हात कवायतीसारखे सरळ वर नेले, कानांना लावले. बाकावर बसलेले लोक बघत होते. बघू देत.

"आता एक गोष्ट ऐका," ती म्हणाली. "साखर ताब्यात आली की कधी कधी ती फार खालीही जाते. गोळी घेतली आणि खाल्लं नाही, तर नक्कीच. हात थरथरतात, गार घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. चिडचिडही होते, पण तुमच्या बाबतीत ती खूण धरायची नाही."

"बरं बरं."

"तसं झालं तर आधी गोड तोंडात घालायचं, मग वाद घालायचा. आणि तुम्ही उपास करता का? केलात तर गोळीचं डॉक्टरांना विचारून घ्या."

"मी? एकही उपास करत नाही," मी छाती पुढे काढून सांगितलं.

हे मी अगदी खरं सांगितलं होतं, आणि तिथेच चुकले. आमच्याकडे उपास म्हणजे सोमवार, चतुर्थी, साबुदाणा. आखाजीला आगारी होईपर्यंत तोंडात काही न घालणं, याला आम्ही उपास म्हणतच नाही. ते नुसतं थांबणं. घरी पाहुणा यायचा असला की यजमानीण जेवायची थांबते, तसं पित्रांसाठी थांबणं. मराठीच्या बाई मी, जन्म शब्दांत गेला, आणि तो शब्द मला त्या दिवशी आठवला नाही.

आखाजी उजाडली. लेक आदल्या दिवशीच आली होती, तिचे सासरचे दुपारी यायचे होते. मी सकाळी फिरून आले. गोळी घेतली. वर्षभर एक गोळी चुकवली नाही, मग सणाच्या दिवशी कशी चुकवेन? गोळीनंतर खायचं असतं हे माहीत होतं, पण मनात म्हटलं, आज थांबायचं आहे, दुपारी जेवेनच की. खापर चढलं. बाजूला पातेलंभर रस पांढऱ्या फडक्यानं झाकून ठेवलेला. जाऊ कणकेच्या परातीशी, लेक माझ्या शेजारी, आत्याबाई खाटेवर, आणि गल्लीतल्या दोन-चार बायका उगाच काहीतरी मागायच्या निमित्तानं आलेल्या. मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. लोक मनात मांडे खातात म्हणतात. मी ते वर्षभर मनातच केले होते.

पहिला मांडा घेतला. थापला, फिरवला. हात वर गेले. दोन्ही. मांडा कोपरांवरून झुलला, वाढला, आणि खापरावर असा पसरला की कडेला एक सुरकुती नाही. अंगणात कुणीतरी "माय वं!" म्हणालं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर दुसरा मांडा डोळ्यांतल्या पाण्यात बिघडला असता. दुसरा, तिसरा, चौथा. थप्पी चढायला लागली. मला वाटलं, आता गावाला जेवू घालीन.

मग हात थरथरायला लागले.

खांदा! परत खांदा! आजच! मी जावेवर खेकसले, "कणीक सैल करेल शे तू!"

"आक्का, कणीक बरोबर शे. तू कसाले कावी ऱ्हायनी?"

मी पुढचा गोळा उचलला. तो हातात नाचायला लागला. कपाळावरून घाम ओघळत होता, आणि चुलीसमोर उभी असून तो घाम गार होता. तेव्हा मला जाणवलं की खांदा दुखत नाही. जराही नाही. खांदा शहाण्यासारखा त्याचं काम करतोय. हे दुसरंच काहीतरी आहे.

"मशीन आण," मी लेकीला म्हटलं. तिनं पळत जाऊन साखर बघायचं मशीन आणलं, बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "मम्मी, साठच्याही खाली! खा काहीतरी गोड, लगेच!"

केवढी गंमत पाहा. पुरणाचं तपेलं, रसाचं पातेलं, मांड्यांची थप्पी, सगळ्या अंगणभर गोडच गोड, मधोमध साखरेची रोगी उभी, आणि साखरेवाचून तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येतेय. आणि ही बाई काय म्हणते?

"आगारी होऊ दे. थोडाच वेळ आहे."

लेक ओरडली. जाऊ उठून उभी राहिली, पण पातेल्याला हात लावायची तिची हिंमत होईना. माझे ओठ बधिर झाले होते. मी मात्र हट्टानं उभी. सासऱ्यांच्या आधी मी कशी खाऊ? इतकी वर्षं खापराची धनीण, आणि रीत मीच मोडू?

आत्याबाई खाटेवरून उठल्या. हळूहळू चालत पातेल्याशी आल्या. पांढरं फडकं बाजूला केलं आणि वाटी रसात बुडवली.

"आत्याबाई, आगारी बाकी शे!" जाऊ म्हणाली.

"पित्तर मन्हा घरना शेत. त्यासले मी सांगसू." मग माझ्याकडे वळल्या. "बठ."

तोच शब्द. पण मी ऐकलं आणि मटकन खाली बसले. त्यांनी वाटी माझ्या ओठांना लावली.

"त्यास्नी वाटी मांगी, मी दिधी नही," त्या म्हणाल्या. "डाक्टरनी नही सांगेल व्हतं. तू मांगत नही, तरी मी देस. पी."

मी प्याले. सबंध वाटी. त्या मोसमातला पहिला आंबा, पित्रांच्याही आधीचा. अहाहा, काय तो रस! लाज वाटायला हवी होती, पण तो इतका गोड होता की मला रडू आलं, आणि मी रडता रडता पीत होते. आत्याबाईंचे डोळेही भरले होते. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी ती पदरानं पुसली, उगीचच.

लेक मशीन धरून समोर बसली. मधल्या वेळात खापर तापून चाललं होतं, म्हणून जावेनं दोन मांडे टाकले. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या ओरडले, "कड सांभाळ!" ती म्हणाली, "सांभाळी ऱ्हायनी, आक्का, तू मुकाट बस." तिचा मांडा उत्तम होता. ह्या वेळी मला खरंच बरं वाटलं. थरथर थांबली, घाम सुकला. लेकीनं पुन्हा बोट टोचलं आणि आकडा पाहून तिनं माझा गालच ओढला. वर अर्धी भाकरी खायला लावली. आगारी बाकी असताना मी भर अंगणात भाकरी खात होते, आणि आभाळ कोसळलं नाही.

आत्याबाईंनी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऊठ वं. खापर तपी ऱ्हायनं."

मी उठले. राहिलेले सगळे मांडे मी केले. जावयासाठी केलेला शेवटचा मांडा इतका मोठा झाला की तो खापराच्या कडांवरून खाली लोंबला, आणि गल्लीतल्या बायका काही मागायला आल्या होत्या हे विसरून टाळ्या वाजवायला लागल्या. त्या टाळ्या मी सगळ्या घेतल्या. नम्रपणा वगैरे त्या दिवशी मी दाखवला नाही. आता गोळीचं आणि आखाजीचं गणित मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय, 'थांबणं' हा शब्द नीट फोड करून सांगून.

पाहुणे आले, आगारीची वेळ झाली. आमच्या ह्यांनी निखाऱ्यांवर तूप सोडलं, मांड्याचा घास आणि रस टाकला. आत्याबाई शेजारी बसून, सासरे समोर असावेत तशा बोलल्या, "आयका. ह्या साल पह्यली वाटी तुमनी सूननी पिधी. मीच पाजी. राग धरू नका."

आगारीनं भप्पकन पेट घेतला. आमच्याकडे म्हणतात, ज्वाळ उठली म्हणजे पित्रांना पावलं. तूप भरपूर होतं, पेटणारच. पण शाळेतलं विज्ञान मी त्या दिवशी गुंडाळून ठेवलं.

पंगत मांडली. इतकी वर्षं मी वाढायला उभी असते आणि सगळ्यांचं झाल्यावर बसते. मी रसाचं पातेलं उचलायला वाकले, तर आत्याबाईंनी माझ्या हातातून पळी काढून घेतली.

"आते बठ," त्या म्हणाल्या. "मी वाढस."

मी लेकीशेजारी बसले. त्यांनी मला अर्धा मांडा वाढला आणि आमटी वाढली. रस नाही, माझा वाटा होऊन गेला होता. मग त्या माझ्या दुसऱ्या बाजूला टेकल्या, स्वतःचं ताट ओढलं आणि आपल्या वाटीत रस घेतला. मला सडकून भूक लागली होती.